उत्तरेला उशी

माझ्या नवऱ्याला आमच्या पलंगावरून उठवून हॉलच्या फरशीवर नेऊन निजवलं ते एका होकायंत्रानं. चाळीस वर्षांत जे माझ्या सासूबाईंना साधलं नाही, ते बशीएवढ्या तबकडीतल्या सुईनं एका दुपारात साधलं. मला नवरा पलंगावर परत हवा होता, एवढंच. बाकी घर कुणी उलटं टांगून ठेवलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

तबकडी भीमरावांची. भीमराव आमच्या झाशीतल्या मराठी मंडळींपैकीच. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, घोडेस्वार होते असं ते सांगतात. भीमरावांनी मात्र जन्मभर कूलर विकले. मुलानं दुकान हातात घेतल्यावर त्यांना वेळ जाईना, म्हणून दिल्लीला जाऊन कसलासा कोर्स करून आले आणि फेंगशुई सांगायला लागले. वास्तुशास्त्रवाले सीपरी बाजारात गल्लोगल्ली पडलेले, त्यात आपला निभाव लागायचा नाही हे ओळखून त्यांनी थेट चीन गाठलं.

दिवाळीनंतर ते आमच्याकडे आले. हॉलच्या मधोमध तबकडी धरून उभे राहिले, तर सुई ठरेना. ती सारखी कूलरकडे वळायची. हा कूलर भीमरावांनीच आम्हाला विकलेला, पण त्याच्याकडे ते शत्रूसारखे बघायला लागले. कूलर अंगणात गेला. मग लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं. मग इन्व्हर्टर जिन्याखाली. सुई अजून नाचतच होती. शेवटी माझं लक्ष गेलं की भीमरावांच्याच मनगटात घोड्याच्या नालेचं जाडजूड कडं आहे.

"भीमरावजी, हे लोखंडाचं नाही का?" मी विचारलं.

"हे शनीसाठी आहे वहिनी," ते म्हणाले, आणि जरा वेळानं कडं काढून त्यांनी खिशात ठेवलं. सुई तरी थरथरतच राहिली. मग कडं खिशातून स्वयंपाकघरात गेलं, तेव्हा कुठं सुई गपगुमान उत्तर दाखवायला लागली. कूलर आणि कपाट मात्र जिथं गेले तिथंच राहिले. परत आणायचं कुणी म्हणालं नाही.

मग हिशेब झाला. फेंगशुईत म्हणे माणसाच्या जन्मवर्षावरून त्याचा एक नंबर निघतो, आणि त्या नंबराप्रमाणे चार दिशा त्याच्या भल्याच्या असतात, चार वाईट. आमचे हे, विद्याधरराव, निघाले तीन नंबर. मी निघाले आठ.

"अरेच्चा," भीमराव म्हणाले. "तीन पूर्वेच्या गटातला, आठ पश्चिमेच्या. एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. लग्नाच्या वेळी काही बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते."

"ते आपल्यात जुळले," भीमराव म्हणाले. "चीनमध्ये नाही जुळत."

यावर आमच्या ह्यांनी मान डोलावली. सिंचाई विभागात बडेबाबू म्हणून निवृत्त झालेला माणूस. छापील नियम दिसला की त्यांना हात जोडावेसे वाटतात. त्यातून गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरला त्यांच्या छातीत स्टेंट बसवला, आणि भीमराव सांगत होते की तीन नंबरला उत्तर ही आरोग्याची दिशा, उत्तरेला डोकं करून निजलं तर औषध वेगळं नको.

"उत्तरेला डोकं म्हणजे दक्षिणेला पाय," मी म्हणाले. "आमच्यात माणसाला तसं एकदाच निजवतात, आणि मग उचलायला चार जण लागतात."

"ते आपलं शास्त्र झालं," हे म्हणाले. "हे वेगळं आहे."

"चिनी माणूस किती जगतो बघा वहिनी," भीमरावांनी जोड दिली.

संध्याकाळपर्यंत हे भीमरावांशी कागद-पेन्सिल घेऊन कुजबुजत बसले होते. मग मजूर बोलावून आमचा शिसवी पलंग फिरवला. उशी पूर्वेला होती, ती पश्चिमेला गेली. का, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी घरातलं सगळंच फिरत होतं. ह्यांची स्वतःची गादी हॉलमध्ये फरशीवर पडली, बरोबर उत्तरेला उशी करून. दिवाण तिथं मावला नाही. उत्तर पाण्याची दिशा, म्हणून उशाशी पाण्याचं तांब्याचं भांडं. दक्षिण अग्नीची, म्हणून पायाशी तेलाचा दिवा, वात दक्षिणेकडे. मला उघडं पाणी घरात ठेवायला आवडत नाही, म्हणून मी रोज त्यात तुळशीचं पान टाकायला लागले. म्हणजे पुढं जे रामायण झालं त्यात माझाही वाटा आहे, हे कबूल करायला हवं.

आता माझं दुखणं सांगते. स्टेंट बसवल्यापासून मी रात्री ह्यांचा श्वास ऐकत झोपायची. माणूस घोरतो याचा पूर्वी मला संताप यायचा. ग्वाल्हेरहून परत आल्यावर तेच घोरणं मला अंगाईसारखं वाटायला लागलं. ते चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. आता हे हॉलमध्ये, मधलं दार बंद, कारण दार उघडं राहिलं तर म्हणे ऊर्जा वाहून जाते. त्या शिसवी पलंगावर मी एकटी पडून अंधारात कान लावायची, तर काही ऐकू यायचं नाही. मग उठायचं, शाल गुंडाळायची, दार ढकलायचं, ह्यांच्या नाकापुढं हात धरायचा. ऊन ऊन लागलं की परत यायचं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ह्यांची तब्येत सुधारली असेल-नसेल, माझी पार गेली.

दोन-तीनदा म्हणून बघितलं, "अहो, या ना परत पलंगावर."

"नको. चाललंय ते बरं चाललंय," हे म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

मला याचं वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी माणसाला स्वतःची तब्येत दिसते आणि बायको दिसत नाही, याचं फारच वाईट वाटलं. मी पोळ्या जरा जाड लाटायला लागले. त्यांनी त्याही मुकाट्यानं खाल्ल्या.

संक्रांत झाली आणि झाशीत कडाका पडला. समोरचं घर दिसू नये असं धुकं, त्यात सकाळपासून वीज गेलेली. थंडी वाढल्यापासून ह्यांची रात्री झोपमोड व्हायची आणि उजाडता उजाडता त्यांना गाढ झोप लागायची. त्या दिवशीही कानातलं यंत्र काढून डबीत ठेवून, पांढऱ्या खोळीची रजई डोक्यावरून ओढून ते निजले होते. यंत्र काढलं की त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी उपयोग नाही. मी दिवा लावला, पाणी बदललं, तुळशीचं पान टाकलं, फोन चार्जिंगला लावून ठेवला, म्हणजे वीज आली की आपोआप भरेल, आणि बाहेरून कडी घालून बाजारात गेले. बरुआसागरचं ताजं आलं आलंय असं भाजीवाल्यानं सांगून ठेवलं होतं. मटारही घ्यायचे होते.

मागं काय झालं ते मला नंतर पार्वतीनं सांगितलं. पार्वती आमची शेजारीण, इथलीच बुंदेलखंडी. विरजण मागायला आली. कडी काढून आत डोकावली. भैयाजी फरशीवर. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, तोंडावरून पांढरं. पायाशी दिवा, उशाशी पाणी, पाण्यात तुळस.

"भैयाजी!" तिनं हाक मारली. "ओ भैयाजी!"

भैयाजी कसले हलतायत! पार्वतीनं आयुष्यात पुष्कळ मयतं बघितली आहेत, तिची नजर चुकायची नाही. ती तिथूनच ओरडली, आणि गल्ली गोळा झाली. कुणीतरी भीमरावांना फोन केला, भीमरावांनी जनार्दन गुरुजींना. आमच्या मराठी घरांतली बारशापासून बाराव्यापर्यंतची सगळी कामं गुरुजींकडेच असतात. कुणीतरी माझा फोन लावला, तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाजत राहिला, तेव्हा सगळे आणखीच हळहळले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या माणसांपैकी एकानं तरी नाडी बघायची होती. मीही तेच म्हणाले. पण मयताला शिवलं की आंघोळ आली. वीज नाही, म्हणजे गीझर नाही. बाहेर धुकं. सगळे आपापले हात शालीत घालून गादीपासून हातभर लांब उभे राहिले.

"अब ऐसी ठंड में को छुए," पार्वतीचा नवरा म्हणाला, "फिर सपरने परहै." सपरणं म्हणजे आंघोळ. सगळ्यांनी हे अगदी गंभीरपणे मान्य केलं. घरचं माणूस येईल, तेच शिवेल, असं ठरलं.

गुरुजींनी लांबूनच पाहणी केली. "दिव्याचं तोंड दक्षिणेला. उशाशी पाणी, तुळशीपत्र. वा. प्रेमलाबाईंनी एकटीनं सगळं यथासांग केलंय. नाहीतर आजकाल लोकांना डोकं कुठं आणि पाय कुठं तेसुद्धा सांगावं लागतं."

हे ऐकून भीमरावांचा हात सवयीनं खिशात गेला. तबकडी काढून त्यांनी वाकून बघितलं. "उत्तर बिलकुल करेक्ट आहे गुरुजी," ते डोळे पुसत म्हणाले. "एका अंशाचा फरक नाही." ती उशी आपणच तिथं ठेवली होती, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. दुःखात माणसाचं भान जातं म्हणतात. भीमरावांचं आधीपासूनच गेलेलं होतं.

मी ई-रिक्षातून उतरले तेव्हा आधी दिसल्या त्या चपला. दारात, पायरीवर, तुळशीच्या कठड्यापर्यंत. मग गल्लीतली माणसं, सगळी माझ्याकडे बघणारी आणि मी बघितलं की खाली बघणारी. कुणीतरी पुढं होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली. आपल्या हातातली भाजीची पिशवी कुणी न विचारता घेतं, तेव्हा काय झालेलं असतं ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही. पार्वतीनं माझ्या गळ्यात हात टाकले. "जिज्जी, भैयाजी तौ चले गए!"

रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट आली, की मला ऐकू आलं नाही. मधे एक दार होतं आणि मला ऐकू आलं नाही. एवढ्या रात्री जागून काढल्या आणि नेमकं कळायचं तेव्हा मी मटार निवडून घेत होते.

लोकांनी वाट दिली. मी तशीच आत गेले, गादीवर बसले आणि रजई ओढली.

ह्यांनी एक डोळा उघडला. मला बघितलं. मग दुसरा उघडला आणि गुरुजींना बघितलं, भीमरावांना बघितलं, भीमरावांच्या हातातला झेंडूचा हार बघितला. कानात यंत्र नव्हतं, त्यामुळे खणखणीत आवाजात म्हणाले, "आज काय आहे?"

पार्वतीचा नवरा दारातून थेट रस्त्यावर गेला. गुरुजींनी रामनाम सुरू केलं. भीमरावांनी हार पाठीमागं लपवला. आणि मी, माझ्या हातून तोवर कधी झालं नव्हतं ते झालं. सगळ्यांच्या देखत मी माझ्या नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा घातला.

"अगं, काय झालं?" हे ओरडत होते. मी डबी त्यांच्या अंगावर फेकली. त्यांनी यंत्र कानात घातल्यावर गुरुजींनी सगळं समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा सूर असा होता की यजमानानं आयत्या वेळी कार्य रद्द केलंय.

"तुम्ही सगळे अंगाला हात न लावता उभे होता?" ह्यांनी विचारलं.

सगळ्यांनी शाली आणखी घट्ट ओढल्या. पार्वती म्हणाली, "जाड़ो देखो भैयाजी, कित्तो है."

इतक्यात फोन वाजला आणि कुणी अडवायच्या आत ह्यांनीच उचलला. गुरसरायहून माझी नणंद, कुसुमावती. तिलाही कुणीतरी कळवलं होतं. "हॅलो, मी विद्याधर बोलतोय," हे म्हणाले. पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला. तिला परत फोन करून मी समजावलं, तर ती माझ्यावरच चिडली, की अशी चेष्टा करतात का.

भीमराव तोवर सावरले होते. "बघितलं ना वहिनी? मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, हे आपलं शास्त्र. आणि उत्तर आरोग्याची, हे चिनी शास्त्र. दोन्ही एका दिवसात लागू पडली!"

मी सगळ्यांना चहा केला, बरुआसागरचं आलं चांगलं ठेचून घातलं. कप हातात घेताना कुणाला आंघोळीची आठवण झाली नाही. सगळे आजवर कुणाकुणाच्या मयताला किती लोक आले होते यावर बोलत बसले, आणि ह्यांच्याकडे बऱ्यापैकी आले होते असं सगळ्यांचं मत पडलं. हे ऐकून आमचे हे थोडे खूशही झाले, ते मी बघितलं.

सगळे गेल्यावर मी त्यांची गादी गुंडाळायला घेतली.

"राहू दे ती," हे म्हणाले.

"अजून? एवढं झालं तरी?"

"तो पलंग मला चालत नाही. उशी पश्चिमेला आहे. तीन नंबरला पश्चिम म्हणजे आयुष्य संपवणारी दिशा."

"मग करा पूर्वेला, होती तशी. पूर्व चालते का तुम्हाला?"

"चालते."

"मग झालं तर!"

हे उगीचच कानातलं यंत्र चाचपायला लागले. "आठला नाही चालत," ते म्हणाले. "आठ नंबरला पूर्व म्हणजे सहा घात. चाळीस वर्षं तू तिकडे डोकं करून निजलीस. पश्चिम तुला आयुष्य वाढवणारी आहे. म्हणून फिरवला पलंग." मग म्हणाले, "आता पलंग एक, माणसं दोन. एकानं उतरायला हवं ना?"

मी गादीचं टोक हातात धरून तशीच उभी.

"माझ्या छातीत स्टेंट आहे," हे म्हणाले. "सरकारी पेन्शनीतून माझं औषधपाणी होतंय. तुझ्या तब्येतीकडे कोण बघतंय?"

"मग हे सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू उतरली असतीस."

सकाळी चपला बघून जे रडू आलं नाही ते आता आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं. हे घाबरले. "अगं हळू," म्हणाले, "ते सगळे परत येतील."

डोळे पुसून मी त्यांची उशी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. माझी उशी पश्चिमेला होती ती तिथंच ठेवली. त्यांची पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला ठेवली. "घ्या. तुमचं डोकं तिकडे, माझं इकडे."

ते बराच वेळ दोन्ही उशांकडे बघत होते, फाइल तपासावी तसे. "नियमात बसतं," शेवटी म्हणाले. भीमरावांना आणि चार मजुरांना जे सुचलं नाही ते मला सुचलं, याचा मला अभिमान वाटायला हवा होता. पण तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं. "पण माझे पाय तुमच्या तोंडाशी येणार," मी म्हणाले. "ते बरं नाही." आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, चुकून कुणाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा. नवऱ्याच्या तोंडापुढं पाय करून निजायचं म्हणजे आमच्या घरात भलतंच.

"मी आज सकाळी मेलोय," हे म्हणाले. "मला काय त्याचं."

दुपारी आम्ही पडलो. धुकं अजून तसंच होतं. त्यांनी यंत्र काढून ठेवलं, म्हणजे बोलणं संपलं. मी कुशीवर वळून पाय पोटाशी घेतले, पलंगाच्या कडेला, त्यांना कुठं लागणार नाहीत असे. आणि पडल्या पडल्या कळलं की या टोकाला काहीच ऐकू येत नाही. रजई जाड, ते दुसऱ्या टोकाला, आज घोरतही नव्हते. हॉलमध्ये होते तेव्हा निदान उठून बघून यायचं तरी होतं. आता पलंग एक झाला आणि माझी काळजी होती तिथंच राहिली, असं वाटून मी हातावर भार देऊन उठायला लागले.

तेवढ्यात त्यांनी रजईत हात घालून माझे पाय पकडले. बर्फासारखे गार होते. त्यांनी ते ओढून घेतले आणि स्वेटरखाली छातीशी धरले.

"अहो, पाय!" मी म्हणाले. त्यांना ऐकू येत नव्हतं.

माझ्या तळव्यांखाली त्यांची छाती वर आली, खाली गेली, परत वर आली. मी नमस्काराला उचललेले हात रजईत घेतले आणि झोपले.